तट एक, रंग दोन : दिवाळीतल्या किल्ल्याचे रंगशास्त्र

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर संपला, की सांगली-मिरजेच्या जुन्या वाड्यांतून आणि नव्या सोसायट्यांच्या मोकळ्या जागांतून एकच लगबग सुरू होते. माळ्यावरची जुनी पोती निघतात, विटांचे तुकडे व दगडगोटे गोळा होतात आणि कृष्णाकाठची चिकट काळी माती घमेल्यांतून येऊन पडते. दोन-तीन दिवसांत अंगणात गड उभा राहतो. त्यावर अळीव-मोहरी पेरली जाते, पायथ्याला विहीर व शेत होते, तटावर मावळे पहारा देतात आणि सर्वांत वर सिंहासनावर महाराज विराजमान होतात. किल्ल्यावाचून दिवाळी ही कल्पनाच आपल्याकडच्या मुलांना करवत नाही.

गेल्या काही वर्षांत या चित्रात एक नवा घटक आला आहे, तो म्हणजे तयार, रंगवलेला किल्ला. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मातीची घमेली नेणार कोण आणि पाडव्यानंतर ती खाली आणणार कोण, हा प्रश्न खराच आहे. त्यामुळे प्लास्टरचे, थर्माकोलचे किंवा फायबरचे आयते गड बाजारात मिळू लागले आणि ते खपूही लागले. पुष्कळ घरांत एका वर्षी मुख्य किल्ला येतो, पुढच्या वर्षी त्याला जोडायला एखादा बुरूज येतो, त्याच्या पुढच्या वर्षी तटबंदीचा तुकडा येतो. नेमकी इथेच एक अडचण उभी राहते. दुकानात अगदी तंतोतंत वाटलेला बुरूज घरी आणून जुन्या तटाला लावला, की तो निराळाच दिसतो. जुना तट किंचित तांबूस, नवा बुरूज किंचित निळसर. ‘हा आपल्या किल्ल्याचा नाहीच,’ असे मूल म्हणते. ‘अरे, रंग तोच तर आहे,’ असे वडील म्हणतात. गमतीचा भाग असा, की दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात.

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. घराला रंग देणारा रंगारी, साडीचा काठ जुळवणारा विणकर, मोटारीचा एकच दरवाजा बदलणारा गॅरेजवाला आणि परदेशात टेबलावरच्या युद्धखेळांसाठी डोंगर-इमारती रंगवून विकणारा कारखानदार या सर्वांना तो रोज भेटतो. एकच रंग दोन वेळा तंतोतंत तसाच का येत नाही? त्याचे उत्तर थोडे रसायनात, थोडे प्रकाशात आणि थोडे आपल्या डोळ्यांत आहे.

पटावरून टेबलावर

सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हटले जाते. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी या गावात हा खेळ रुजवला. बुद्धिबळ हे मुळात युद्धाचेच सोपे केलेले रूप आहे. हत्ती, घोडे, उंट, प्यादी असे सगळे सैन्य त्यात आहे, नाही ती फक्त जमीन. पटावरच्या घरांना दोनच रंग असतात आणि त्यांचा एकमेव नियम असा, की फिकट घर गडद घराहून ओळखू यावे. एखादे घर किंचित उजळ किंवा मळकट असले तरी खेळाला बाधा येत नाही.

रणांगणाची जमीन खेळात आली तेव्हा रंगाचे महत्त्व एकदम वाढले. जर्मनीतील ब्रन्सविक येथील हेलविग या शिक्षकाने १७८० मध्ये बुद्धिबळावर बेतलेला एक युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्याच्या मोठ्या पटावर डोंगर, दलदल, पाणी अशा भूप्रकारांसाठी घरांचे रंग ठरवून दिलेले होते. म्हणजे रंग ही आता शोभा राहिली नाही, ती माहिती झाली. घोडदळाला कुठून जाता येईल आणि कुठे अडावे लागेल, हे घराचा रंग सांगू लागला. पुढे १८१२ मध्ये प्रशियाच्या राइसविट्झ यांनी आपल्या राजासाठी एक खास टेबल तयार केले. उठावाच्या चौकोनी तुकड्यांवर नद्या, रस्ते, टेकड्या रंगवलेल्या होत्या आणि ते तुकडे हवे तसे जुळवून दर वेळी नवे रणांगण मांडता येत होते. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये तुकड्यांऐवजी कागदी नकाशा वापरला आणि तो खेळ प्रशियाच्या लष्करात शिक्षणाचे साधन बनला. आजही लष्करी प्रशिक्षणात वाळूचे नमुने करून त्यावर रंगीत भुकटीने पाणी, झाडी, रस्ते दाखवले जातात.

घरगुती करमणुकीत हा प्रकार आणणाऱ्यांमध्ये एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाचे नाव घ्यावे लागते. ‘लिटल वॉर्स’ हे त्यांचे खेळण्यातल्या सैनिकांच्या युद्धाचे पुस्तक १९१३ मध्ये आले. १९८३ मध्ये इंग्लंडात सुरू झालेल्या ‘वॉरहॅमर’सारख्या खेळांनी पुढे त्याचा मोठा व्यवसाय केला. अनेक खेळाडू सैनिक स्वत: रंगवतात. पण टेकड्या, भिंती, पडक्या इमारती रंगवायला ज्यांना सवड नाही, त्यांच्यासाठी आयत्या रंगवलेल्या भूरचनेची बाजारपेठ निर्माण झाली. हे तुकडे एकाच वेळी कोणी घेत नाही. आज दोन, सहा महिन्यांनी चार, अशी खरेदी होते आणि ते सारे एका टेबलावर शेजारी शेजारी मांडायचे असतात. आपल्या गॅलरीतल्या बुरुजाची आणि त्या टेबलावरच्या टेकडीची अडचण एकच आहे.

डबा एक, छटा दोन

कोणताही रंग म्हणजे मुख्यत्वे दोन वस्तूंचे मिश्रण असते : रंग देणारी बारीक पूड, म्हणजे रंगद्रव्य, आणि ती पृष्ठभागाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. गेरू, पिवडी, काजळी ही आपल्या ओळखीची रंगद्रव्ये आहेत. डिंक, सरस किंवा आजचे कृत्रिम गोंद हे धरून ठेवणारे पदार्थ आहेत. पूड जड असते, ती तळाशी बसते. डबा नीट ढवळला नाही तर वरच्या थरात पूड कमी आणि तळाशी जास्त राहते. साहजिकच पहिला बुरूज फिका आणि शेवटचा गडद होतो. डबा एकच, पण छटा दोन.

दुसरे कारण ‘बॅच’चे. कारखान्यात रंग घाण्याघाण्याने तयार होतो. प्रत्येक घाण्यात रंगद्रव्याचा दळ, त्याची प्रत आणि प्रमाण यांत सूक्ष्म फरक राहतोच. म्हणून डब्यावर रंगाच्या क्रमांकाबरोबर बॅचचा क्रमांकही छापलेला असतो. अनुभवी रंगारी एका भिंतीला लागणारे सगळे डबे आधी एका मोठ्या पिंपात ओतून एकजीव करतो आणि मगच ब्रश उचलतो. त्यामागे हेच शास्त्र आहे. भिंतीच्या मधोमध डबा बदलला, तर तो बदल उन्हाच्या तिरीपेत हमखास दिसतो.

तिसरे कारण पृष्ठभागाचे. प्लास्टर ऑफ पॅरिस वाळल्यावर सच्छिद्र होते. ते रंगातले पाणी आणि गोंद दोन्ही शोषून घेते, पूड वर राहते व रंग कोरडा, फिकट दिसतो. साच्याला लागून असलेली गुळगुळीत बाजू कमी शोषते, घासलेली बाजू जास्त शोषते. थर्माकोल जवळजवळ शोषतच नाही. फायबर तर चकचकीतच असते. त्यामुळे एकाच डब्यातला एकच रंग या तिघांवर दिला, तर तीन रंग दिसतात. यावर उपाय जुनाच आहे : आधी अस्तर. पांढऱ्या किंवा राखाडी रंगाचा एक पातळ हात सर्व तुकड्यांना दिला, की खाली काय आहे हे वरच्या रंगाला कळत नाही.

ओली माती, वाळलेली माती

किल्ला करणाऱ्या प्रत्येक मुलाने एक गोष्ट पाहिलेली असते. काळी माती ओली असताना झकास काळीभोर दिसते आणि दुसऱ्या दिवशी उन्हात राखाडी होते. मातीचा रंग काही उडालेला नसतो. कोरड्या मातीच्या कणांमध्ये हवा असते. प्रकाश कणावरून हवेत, हवेतून पुन्हा कणावर असा आपटत राहतो आणि त्याचा बराच भाग विखरून बाहेर पडतो, म्हणून माती फिकी दिसते. ओल्या मातीत हवेची जागा पाणी घेते. पाण्यातून कणात शिरताना प्रकाश तितका विखुरत नाही, तो आत खोल जातो आणि शोषला जातो, म्हणून माती गडद दिसते.

रंगाचेही तसेच आहे. चुना लावताना पांढरा वाटतच नाही, जणू पाणीच लावले आहे असे वाटते. वाळल्यावर तो शुभ्र होतो. डिस्टेंपर वाळल्यावर उजळतो. उलट आजचे ॲक्रिलिक रंग वाळल्यावर बहुधा किंचित गडद होतात, कारण त्यातला गोंद ओला असताना दुधी असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो. तेव्हा जुन्या वाळलेल्या तटाशेजारी वाटीतला ओला रंग धरून ‘जुळला’ असे म्हणणे हा घरोघर होणारा पहिला घोटाळा आहे. जुळवणी नेहमी वाळलेल्या रंगाचीच करावी लागते.

दिव्याखालचा दगा

दुकानात जुळलेला रंग घरी का बिघडतो? कारण वस्तूचा रंग हा तिचा एकटीचा नसतो. वस्तूवर पडणारा प्रकाश, वस्तूने परत पाठवलेला प्रकाश आणि तो टिपणारा डोळा या तिघांचा तो करार असतो. दुपारच्या उजेडात सर्व रंगांचे किरण भरपूर असतात. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये तांबडे-पिवळे किरण जास्त आणि निळे अगदी कमी असतात. एलईडीचा प्रकाश पांढरा दिसला तरी त्यातल्या किरणांची वाटणी सूर्यप्रकाशासारखी नसते.

समजा, जुन्या तटाचा करडा रंग काजळी आणि चुन्यापासून केला आहे, आणि नव्या बुरुजाचा करडा रंग निळ्या व तपकिरी रंगांच्या मिश्रणातून साधला आहे. दुकानातल्या दिव्याखाली दोन्ही डोळ्याला सारखेच दिसू शकतात. पण त्यांनी परत पाठवलेले किरण सारखे नसतात. प्रकाश बदलला, की दोघांचा भेद उघड होतो. शास्त्रीय परिभाषेत याला मेटामेरिझम म्हणतात. साडीवर ब्लाऊजपीस घेताना गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर येऊन उजेडात कापड धरून पाहते, ते याच दग्याला ओळखून. या दोषावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे दोन्ही वस्तूंना तीच रंगद्रव्ये वापरणे. वेगळ्या द्रव्यांतून आणलेली जुळणी एका प्रकाशापुरतीच खरी असते.

शेजाऱ्याचा परिणाम

कधी कधी रंग निर्दोष असतो आणि तरीही तक्रार खरी असते. पॅरिसच्या गोबेलिन्स या प्रसिद्ध गालिचे विणणाऱ्या कारखान्यात शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळ्या लोकरीला पुरेशी खोली नाही, ती फिकट दिसते, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी काळा रंग तपासला, तो उत्तम होता. मग त्यांच्या लक्षात आले, की दोष काळ्यात नसून त्याच्या शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांत आहे. शेजारचा रंग आपल्या डोळ्यांत या रंगाला बदलून टाकतो. हे निरीक्षण त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले आणि पुढे चित्रकारांनी ते शिरोधार्य मानले.

किल्ल्यावर याचा प्रत्यय सहज येतो. हिरव्यागार अळिवाच्या मधोमध ठेवलेला करडा बुरूज तांबूस भासतो. तोच बुरूज तांबड्या मातीच्या वाटेवर ठेवला तर हिरवट वाटतो. शिवाय डोळा कडेच्या बाबतीत फार चोखंदळ आहे. दोन जवळजवळ सारख्या छटा एकमेकींना चिकटून ठेवल्या तर मधली रेघ तत्काळ दिसते. त्याच छटांमध्ये चार बोटे अंतर पडले, तर फरक ओळखायला तज्ज्ञालाही विचार करावा लागतो. ही गोष्ट पुढे उपायांमध्ये फार उपयोगी पडणार आहे.

हळद आणि गेरू

वर्षभर माळ्यावर राहिलेला किल्ला नव्या तुकड्याशी का जुळत नाही, याचे आणखी एक उत्तर काळाच्या हाती आहे. काही रंग टिकतात, काही उडतात. गेरू म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड. ते आधीच गंजलेले असल्यामुळे ऊन-वाऱ्याने त्याचे आणखी फारसे काही बिघडत नाही. म्हणूनच देवळांच्या ओट्यांवरचा आणि वाड्यांच्या भिंतींवरचा गेरूचा रंग टिकून राहतो.

हळदीचे याच्या अगदी उलट. सांगलीची हळद जगप्रसिद्ध आहे आणि २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. घरात हळद मुबलक, तेव्हा वाळलेले गवत किंवा भगव्याच्या जवळ जाणारा पिवळा रंग दाखवायला मुले ती सहज उचलतात. पण हळदीतले रंगद्रव्य उन्हात झपाट्याने उडते. शिवाय दुसरी एक करामत होते. चुन्याच्या ओल्या भिंतीवर हळद लावली, की ती लाल होते. हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून कुंकू करण्याची आपली परंपरागत पद्धत याच गुणावर आधारलेली आहे. तेव्हा पिवळा तट हवा असेल तर पिवडी वापरावी. लाल हवा असेल तर मात्र हळद-चुन्याचा प्रयोग मुलांना मुद्दाम करून दाखवावा. रसायनशास्त्राचा असा पहिला धडा त्यांच्या कायम लक्षात राहील.

कारखान्यात काय करतात?

रंग मोजता येतो का? येतो. प्रकाश व रंग यांसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९३१ मध्ये रंग आकड्यांत मांडण्याची पद्धत ठरवली. १९७६ मध्ये तिची अधिक सोयीची सुधारित आवृत्ती आली. त्यात प्रत्येक रंगाला तीन आकडे मिळतात : तो किती उजळ आहे, तांबड्या-हिरव्याच्या दरम्यान कुठे आहे आणि पिवळ्या-निळ्याच्या दरम्यान कुठे आहे. दोन रंगांच्या आकड्यांवरून त्यांच्यातले ‘अंतर’ काढता येते. हे अंतर १ च्या आसपास असेल, तर शेजारी शेजारी ठेवूनही तो फरक जेमतेमच जाणवतो. जर्मनीने १९२७ मध्ये ४० रंगांचा प्रमाणित तक्ता केला, तोच पुढे ‘राल’ या नावाने जगभर गेला. आपल्याकडे भारतीय मानक ५ हे तयार रंगांच्या छटांसाठी आहे.

मग आयत्या डोंगरांच्या बाबतीत अडचण कुठे आहे? अडचण अशी, की असा तुकडा एका रंगाचा नसतोच. आधी गडद तळरंग दिला जातो. मग पाण्यासारखा पातळ काळपट रंग ओतला जातो, तो खाचांमध्ये साठून सावली दाखवतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशावर फिकट रंग घेऊन तो उंचवट्यांवरून ओझरता फिरवतात, त्यामुळे कडा उजळतात. हे तीन थर मिळून डोळ्याला ‘दगड’ दिसतो. यातला पहिला थर फवाऱ्याने देता येतो, यंत्राने मोजता येतो. शेवटचा थर मात्र हाताचा असतो. सकाळच्या हाताचा दाब आणि संध्याकाळच्या दमलेल्या हाताचा दाब सारखा नसतो. म्हणून व्यवस्थित काम करणारे कारखाने एक मूळ नमुना जपून ठेवतात, ठरावीक दिव्याखाली प्रत्येक नवी खेप त्याच्याशी ताडून पाहतात आणि एका संचाचे सारे तुकडे एकाच घाण्याच्या रंगात, शक्यतो एकाच हाताखाली उरकतात. आपल्याकडे मावळ्यांच्या मूर्ती रंगवणारा कारागीरही एका बैठकीत सगळ्या फेट्यांचा रंग, दुसऱ्या बैठकीत सगळ्या अंगरख्यांचा रंग अशीच पद्धत ठेवतो. एक मूर्ती पूर्ण करून मग दुसरी घेतली, तर शंभर मावळ्यांचे शंभर रंग होतील.

सह्याद्री एकरंगी नाही

इथे एक सावधगिरीचा इशारा द्यायला हवा. रंगाचा मेळ म्हणजे रंगाचा सपाटपणा नव्हे. सातारा-सांगलीचे खरे गड एकदा नीट पाहावेत. अजिंक्यतारा, वसंतगड, प्रतापगड हे सारे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांवर उभे आहेत. हा काळा बेसॉल्ट कुठे पावसाने धुऊन निळसर झालेला, कुठे शेवाळाने हिरवट, कुठे गंजून तपकिरी झालेला असतो. घाटात डोंगर कापलेला असेल तर दोन काळ्या थरांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. एका लाव्हाथराच्या झिजलेल्या मातीवर पुढचा तप्त थर येऊन बसल्याची ती खूण आहे. कास, पाचगणी, महाबळेश्वरच्या माथ्यावर तर तांबडा जांभा दगडच आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या १२ दुर्गांपैकी प्रतापगड आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. सुट्टीत तिथे जाऊन तटाच्या एका हातभर भागात किती छटा आहेत, हे मुलांना मोजायला लावावे. दहाच्या आत आकडा थांबणार नाही.

पण या दहा छटा तिथे एकमेकींशी भांडत नाहीत. कारण त्या एकाच दगडाच्या, एकाच पावसाच्या आणि एकाच उन्हाच्या आहेत. एका बुरुजावरचा हिरवटपणा दुसऱ्या बुरुजावरही थोडा असतो, तळाचा मातकटपणा सगळ्या तटाच्या पायथ्याशी असतो. डोळ्याला हवा असतो तो हा समान धागा. आयत्या तुकड्यांमध्ये तोच तुटलेला असतो.

आणखी एक बाब. खऱ्या बेसॉल्टचा तुकडा समोर ठेवून अगदी तसाच काळा रंग दीड फुटी किल्ल्याला दिला, तर तो कोळशाच्या ढिगासारखा दिसतो. खरा गड आपण दुरून पाहतो. मधल्या हवेमुळे तो फिकट आणि निळसर भासतो. लहान प्रतिकृती पाहताना नजर नकळत तेच अंतर गृहीत धरते. म्हणून नमुने करणारे मूळ रंगात थोडा पांढरा, थोडा निळसर राखाडी मिसळून तो मुद्दाम मवाळ करतात. मावळ्यांच्या बाबतीतही हेच करावे. भडक लाल-हिरवे मावळे फिक्या गडावर उपरे वाटतात.

घरच्या घरी मेळ

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जुना तट आणि नवा बुरूज जुळवायचे कसे? बहुतेक जण नवा बुरूज जुन्यासारखा रंगवायला जातात. हा मार्ग सर्वांत अवघड आहे, कारण जुन्या रंगात कोणती द्रव्ये होती हे आपल्याला ठाऊक नसते. त्यापेक्षा दोघांनाही एका तिसऱ्या रंगाखाली आणावे. पाण्यात थोडी काळी आणि थोडा गेरू मिसळून चहाच्या पाण्याइतका पातळ रंग करावा, त्यात चार थेंब गोंद टाकावा आणि जुन्या-नव्या सर्व तुकड्यांवर सारखा फिरवावा. तो खाचांमध्ये बसतो आणि दोघांच्या सावल्या एक होतात. वाळल्यावर फिकट मातकट रंग कोरड्या ब्रशाने सगळ्यांच्याच कडांवरून ओझरता न्यावा. सावली एक आणि उजेड एक झाला, की मधला थोडा फरक दगडाच्या स्वाभाविक विविधतेत जमा होतो.

हा रंग करताना सगळ्या किल्ल्याला पुरेल इतका एकदमच करावा. मधेच संपला तर दुसरी वाटी पहिलीसारखी होणार नाही. प्रमाण चमच्यांत मोजून वहीत लिहावे. त्याच रंगाचा एक पट्टा पुठ्ठ्यावर ओढून, वाळवून, त्यावर वर्ष घालून वहीतच अंधारात ठेवावा. पुढच्या दिवाळीला नवा रंग त्या पट्ट्याशी, वाळल्यानंतर आणि दिवसाच्या उजेडात सावलीत धरून ताडून पाहावा. मोठे कारखाने जे करतात, ते एवढेच आहे.

शेवटचा उपाय कडेचा. दोन तुकडे जिथे भिडतात, ती रेघच डोळ्याला खुपते. तिथे मातीचा ओघळ सोडावा, अळीव पेरावे, एखादे झुडूप किंवा खंदक आणावा. सांगलीचा स्वत:चा गणेशदुर्ग हा भुईकोट होता आणि त्याला खंदक होता. आपली मुले डोंगरी किल्लेच करतात, पण खंदकाने विलग केलेला बुरूज रंगाच्या दृष्टीने फार सोयीचा असतो.

मुलांच्या बोटांचा विचार

रंगाच्या मेळापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट आहे. चकचकीत पिवळ्या, लाल, हिरव्या तैलरंगांमध्ये पूर्वी शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. रंग त्यामुळे उठावदार आणि टिकाऊ होत असे, पण शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे. केंद्र सरकारच्या नियमानुसार नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांमध्ये शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये. तेव्हा रंग घेताना डब्यावरची तशी सूचना पाहावी. पापुद्रे सुटणारी जुनी खेळणी आणि मूर्ती लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, त्या घासूनही काढू नयेत, कारण ती पूड श्वासावाटे आत जाते. आणि किल्ला मोडल्यावर रंगीत प्लास्टर कृष्णेत सोडू नये. ते पाण्यात लवकर विरघळत नाही. तुकडे पुसून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले तर पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहतात.

आयता किल्ला आणला म्हणून मुलांचे काही हिरावले गेले, असे समजण्याचे कारण नाही. मातीच्या किल्ल्याला रंगाच्या मेळाची अडचण कधी आलीच नाही, कारण सारी माती एकाच ढिगातली असे. आयत्या तुकड्यांनी ही अडचण घरात आणली आहे आणि तिच्याबरोबर एक काम मुलांसाठी शिल्लकही ठेवले आहे. ते काम मोठ्यांनी करून टाकू नये. वाटी, गेरू, काळी आणि ब्रश मुलांच्या पुढे ठेवावा. पहिला हात चुकेल, दुसरा जास्त गडद होईल. पण उन्हात वाळलेला तट आणि बुरूज एका रंगाचे दिसू लागले, की ‘हा आपल्या किल्ल्याचा नाहीच’ म्हणणारे तेच मूल शेजारच्या मित्राला हाक मारून दाखवायला नेईल. वहीतल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यावर तेवढे वर्ष घालायला मात्र विसरू नये.